राजपुत्राचा ताप आणि प्रार्थनेचं मोजमाप

मुंबईतला काळा घोडा सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या पुतळ्यामुळे त्या चौकाला हे नाव पडलं तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला गेला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, हेही पुष्कळांना माहीत असतं. घोड्यावर बसलेला माणूस कोण, हे मात्र चटकन कुणाला सांगता येत नाही. तो इंग्लंडचा युवराज, पुढे राजा झालेला सातवा एडवर्ड. १८७५ च्या नोव्हेंबरात तो मुंबईला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला.

मुंबईला येण्याच्या चारच वर्षं आधी हा युवराज मरणाच्या दारात जाऊन परत आला होता. त्याच्यासाठी सारं इंग्लंड देवापुढे हात जोडून उभं होतं. तो वाचला, आणि त्याच्या वाचण्यातून एक वाद उभा राहिला. प्रार्थनेचा खरंच उपयोग होतो का? होत असेल, तर तो औषधाच्या गुणासारखा मोजता येईल का? दीडशे वर्षं उलटली तरी तो वाद पुरता मिटलेला नाही. आपल्या घरात कुणी आजारी पडलं की आपणही त्याच वादात, नकळत का होईना, ओढले जातो.

१८७१ च्या शरद ऋतूत युवराज स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी एका सरदाराच्या बंगल्यावर पाहुणा म्हणून राहून आला. परतल्यावर, नोव्हेंबरात, त्याला ताप भरला. निदान झालं विषमज्वराचं, म्हणजे टायफॉइडचं. तेव्हा या रोगावर औषध नव्हतं. ताप उतरण्याची वाट पाहायची, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. त्यात एक विलक्षण योग जुळून आला होता. दहा वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर १८६१ रोजी, युवराजाचे वडील प्रिन्स अल्बर्ट वारले होते आणि डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं ते विषमज्वराचंच. आता मुलगाही त्याच तापाने फणफणत होता आणि १४ डिसेंबर जवळ येत होता. वर्तमानपत्रं तासातासाची खबर छापत होती. चर्चांमधून खास प्रार्थना म्हटल्या जात होत्या. आणि नेमक्या त्या धास्तीच्या दिवशी, १४ डिसेंबरला, युवराजाच्या प्रकृतीला उतार पडू लागला.

आपल्याकडच्या वाचकांना यावरून १९८२ चा उन्हाळा संपल्यानंतरचे दिवस आठवतील. ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना जबर दुखापत झाली आणि गावोगावी देवळांतून, मशिदींतून, चर्चमधून लोकांनी त्यांच्यासाठी साकडं घातलं. ते बरे झाले तेव्हा ‘लोकांच्या प्रार्थनेने वाचले’ हेच वाक्य सर्वतोमुखी झालं. १८७२ च्या इंग्लंडात नेमकं हेच झालं. २७ फेब्रुवारीला लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये आभाराची मोठी प्रार्थना झाली. पतीच्या निधनानंतर लोकांत फारशी न मिसळणारी राणी व्हिक्टोरिया तिला हजर राहिली. रस्त्यांवर माणसं मावत नव्हती. देवाने राष्ट्राची हाक ऐकली, ही भावना सर्वत्र होती.

पण या आनंदात एक गोष्ट झाकली गेली. स्कारबरोच्या त्याच बंगल्यात राहून आलेला युवराजाचा मित्र, चेस्टरफील्डचा अर्ल, हाही विषमज्वराने आजारी पडला होता आणि १ डिसेंबरला वारला होता. युवराजाच्या घोड्यांची निगा राखणारा त्याचा मोतद्दारही त्याच तापाने गेला. त्यांच्या घरच्यांनी काय प्रार्थना केल्या नसतील? युवराज प्रार्थनेने वाचला असेल, तर मोतद्दाराच्या आईच्या प्रार्थनेत काय कमी पडलं होतं? आजच्या या चर्चेचा खरा काटा इथे आहे, म्हणून हा मोतद्दार आपण लक्षात ठेवू या.

हा प्रश्न एकाएकी उगवलेला नव्हता. १८५३ मध्ये पटकीच्या साथीचं भय पसरलं तेव्हा एडिंबरोच्या धर्ममंडळींनी सरकारला विचारलं होतं की, राष्ट्रीय उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर करणार का? त्या वेळचे गृहमंत्री लॉर्ड पामरस्टन यांनी उलट सल्ला दिला. आधी गरिबांच्या वस्त्यांमधली घाण उपसा, ते केलं नाही तर उपवास आणि प्रार्थना करूनही साथ यायची ती येईलच, असा त्याचा आशय होता. पुढे १८६५ मध्ये गुरांच्या बुळकांडी रोगाने इंग्लंडभर थैमान घातलं. पुन्हा चर्चांमधून प्रार्थना झाल्या. साथ आटोक्यात आली ती १८६६ च्या कायद्यानंतर. रोगी गुरं मारायची आणि जनावरांची ने-आण रोखायची, असे कडक उपाय त्यात होते. जॉन टिंडल नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने तेव्हाच वर्तमानपत्रातून हरकत घेतली होती. निसर्गाचे नियम माणसाच्या विनंतीवरून बदलतात असं म्हणायचं असेल तर त्याचा पुरावा दाखवायला हवा, असं त्याचं म्हणणं होतं.

युवराजाच्या दुखण्यानंतर पुरावा मागणाऱ्यांनी थेट प्रयोगच सुचवला. जुलै १८७२ मध्ये ‘कंटेम्पररी रिव्ह्यू’ या मासिकात टिंडलच्या छोट्या प्रस्तावनेसह एक निनावी पत्र छापून आलं. ते सर हेन्री थॉम्प्सन या नामांकित शल्यचिकित्सकाचं होतं, हे नंतर उघड झालं. त्याची सूचना अगदी सरळ होती. ज्या रोगांत शंभरातले किती दगावतात हे नक्की ठाऊक आहे अशा रोगांच्या रुग्णांसाठी एक वॉर्ड किंवा एक इस्पितळ निवडा. तिथे उत्तम डॉक्टर, उत्तम शुश्रूषा ठेवा. तीन ते पाच वर्षं देशभरातल्या श्रद्धावंतांनी त्या रुग्णांसाठी खास प्रार्थना करावी. मग तिथल्या मृत्यूंचं प्रमाण इतर चांगल्या इस्पितळांशी ताडून पाहावं. इतर औषधांबाबत आपण हेच करतो. मग प्रार्थनेबाबत का नको?

या पत्राने एकच गदारोळ उडाला. कुणी याला पाखंड म्हटलं. पण विरोधकांचे सगळेच मुद्दे रागाचे नव्हते, काही विचार करायला लावणारे होते. इतर इस्पितळांतल्या रुग्णांसाठी त्यांची आईबापं, बायकामुलं प्रार्थना करत असणारच. त्यांना थांबवणार कसं? शिवाय, आकडे जमवण्यासाठी केलेली प्रार्थना ही प्रार्थना म्हणायची का? परीक्षा घेण्याच्या इराद्याने हात जोडणारा माणूस आपल्या लाडक्या लेकरासाठी तळमळणाऱ्या माणसासारखा असेल का? प्रयोग झाला नाही. पण वाद थांबला नाही.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १८७२ मध्ये, फ्रान्सिस गाल्टनने ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’त लेख लिहिला. गाल्टन हा चार्ल्स डार्विनचा नातलग आणि जे दिसेल ते मोजण्याची हौस असलेला माणूस. नवा प्रयोग कशाला, आकडे आधीच उपलब्ध आहेत, असं त्याने म्हटलं. इंग्लंडात ज्याच्या दीर्घायुष्यासाठी दर रविवारी हजारो चर्चांतून जाहीर प्रार्थना होते असा माणूस कोण? राजा किंवा राणी. मग राजघराण्यातली माणसं इतरांपेक्षा जास्त जगतात का?

डॉ. गाय यांनी १७५८ ते १८४३ या काळातल्या वेगवेगळ्या वर्गांतल्या पुरुषांचे आकडे जमवले होते. तिशी ओलांडलेल्यांचेच आयुष्य त्यात धरलं होतं आणि अपघाती मृत्यू वगळले होते. गाल्टनने तोच तक्ता पुढे ठेवला. खेड्यापाड्यांतल्या जमीनदार वर्गाची सरासरी ७०.२२ वर्षं, पाद्र्यांची ६९.४९, वकिलांची ६८.१४, डॉक्टरांची ६७.३१. आणि राजघराण्यांतल्या पुरुषांची? ६४.०४. यादीत सर्वांत खाली. पाद्र्यांचा आकडा चांगला दिसतो खरा, पण गाल्टनने नामांकित पाद्री, वकील आणि डॉक्टर असे वेगळे काढून पाहिले तेव्हा पाद्र्यांची सरासरी ६६.४२ निघाली, वकिलांची ६६.५१ आणि डॉक्टरांची ६७.०४. म्हणजे खेड्यातली स्वस्थ राहणी काढून घेतली की प्रार्थनेत आयुष्य घालवणाऱ्यांच्या पदरात जास्तीचं काही उरत नव्हतं. पुढे जाऊन त्याने विमा कंपन्यांचं उदाहरण दिलं. विम्याचा धंदा करणारे माणसाच्या दहा सवयी विचारतात, पण तो भाविक आहे का, हे विचारून हप्ता कमी करत नाहीत.

गाल्टनच्या लेखात कच्चे दुवे आहेतच. राजघराण्यातल्या माणसांची राहणी, खाणंपिणं, आपसांतली लग्नं यांचा आयुष्यावर होणारा परिणाम या तक्त्यातून वेगळा काढता येत नाही. रविवारी ओठांनी पुटपुटलेली सरकारी प्रार्थना आणि आईची प्रार्थना एकाच तराजूत घातली आहे. तरीही गाल्टनने एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली होती. प्रार्थनेने मनाला आधार मिळतो, निश्चय बळावतो, दुःख सोसण्याचं बळ येतं, याला त्याची हरकत नव्हती. प्रार्थनेमुळे बाहेरचं जग बदलतं, या दाव्यापुरतीच त्याची हरकत होती.

याच गाल्टनची दुसरी एक गंमत त्याने स्वतःच १९०८ मध्ये आपल्या आठवणींत सांगितली आहे. मूर्तीपुढे हात जोडणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्याला अनुभवून पाहायचं होतं. म्हणून त्याने ‘पंच’ या विनोदी पात्राचं एक चित्र निवडलं आणि यात दैवी शक्ती आहे, हे आपलं बरंवाईट करू शकतं, असं समजून तो त्याच्याशी आदराने वागू लागला. हळूहळू त्या चित्राविषयी त्याच्या मनात खरोखरच एक धाकयुक्त भाव निर्माण झाला आणि तो बराच काळ टिकला. प्रार्थनेचे आकडे मांडणाऱ्या माणसाचं मनही हात जोडायला इतकं तयार होतं, हे विसरून चालणार नाही.

याच सुमारास आपल्या मुंबईत काय चाललं होतं? १८६७ मध्ये इथे प्रार्थना समाजाची स्थापना झाली होती. नावातच प्रार्थना असलेल्या या मंडळींना नवस-सायास आणि कर्मकांड मान्य नव्हतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या इंग्रजी विद्येत मुरलेल्या माणसांचा भर देवाकडे काही मागण्यापेक्षा मनाची शुद्धी आणि आत्मोन्नती यांवर होता. विलायतेतला वाद ‘प्रार्थनेने ताप उतरतो का’ इथे अडकला होता, तेव्हा इकडे प्रार्थनेला मागणीपासून सोडवण्याचा प्रयत्न चालू होता.

पण साथ आली की माणसं मागतातच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. माणसं शहर सोडून पळू लागली. देवदेवतांना गाऱ्हाणी घातली गेली. वांद्र्यासारख्या गावठाणांतल्या ख्रिस्ती वस्त्यांनी प्लेग टळावा म्हणून रस्त्याच्या कडेला क्रूस उभारले. त्यांतले काही आजही तिथे आहेत आणि त्यांच्यापुढे मेणबत्त्या लागतात. त्याच दिवसांत वाल्देमार हाफकिन हा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली आणि लस न घेतलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना केली. लस घेतलेल्यांत प्लेग स्पष्टपणे कमी झाला. थॉम्प्सनने प्रार्थनेसाठी जी तुलना सुचवली होती, त्याच जातीची तुलना पंचवीस वर्षांनी आपल्याकडे लशीची झाली आणि लस तीत उतरली. तरी क्रूसापुढच्या मेणबत्त्या विझल्या नाहीत. लोकांनी दंडावर लस घेतली आणि हातही जोडले.

थॉम्प्सनचा प्रयोग अखेर शतकानंतर अमेरिकेत झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका इस्पितळातल्या ३९३ हृदयरुग्णांवर रॅन्डॉल्फ बर्ड यांनी केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी दुरून प्रार्थना केली गेली त्यांची प्रकृती काही बाबतींत बरी आढळली. मात्र मृत्यूंच्या संख्येत आणि इस्पितळातल्या मुक्कामात म्हणण्याजोगा फरक नव्हता. पुष्कळ गोष्टी मोजल्या की एकदोन अनुकूल निघतातच, असं टीकाकार म्हणाले. २००१ मध्ये लिओनार्ड लायबोविची या इस्रायली डॉक्टराने तर कमालच केली. १९९० ते १९९६ मध्ये इस्पितळात येऊन गेलेल्या ३३९३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून त्याने एका गटासाठी २००० साली प्रार्थना करवली. रुग्ण कधीच घरी गेलेले किंवा देवाघरी गेलेले. तरीही प्रार्थनेच्या गटात इस्पितळातला मुक्काम आणि तापाचे दिवस कमी निघाले! ज्या गोष्टीला मुळात अर्थच नाही तिथेही आकडे कसे फसवतात, हे दाखवायचा त्याचा हेतू होता.

सर्वांत मोठा आणि काटेकोर अभ्यास हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा इस्पितळांतले बायपास शस्त्रक्रियेचे १८०२ रुग्ण, त्यांचे तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यांतल्या एका गटासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी नाही. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के, न झालेल्या गटात ५१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला पक्कं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं. हा कदाचित निव्वळ योगायोगही असेल. ‘माझ्यासाठी प्रार्थना करायची पाळी आली, म्हणजे माझं दुखणं इतकं गंभीर आहे का’ या धसक्याचा तो परिणाम असावा, असाही तर्क केला गेला.

दुरून केलेल्या प्रार्थनेने अनोळखी माणसाचा रोग बरा होतो, याला पुरावा मिळालेला नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. मग माणसं प्रार्थना का करत राहतात?

एक कारण आपल्या स्मरणशक्तीत आहे. प्राचीन ग्रीसमधल्या डायागोरस या नास्तिकाची गोष्ट सिसेरोने सांगितली आहे. वादळातून नवसाने वाचलेल्या खलाशांची देवळातली चित्रं दाखवून मित्राने त्याला विचारलं, आता तरी पटलं ना? त्याने उत्तर दिलं, जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? आपल्याकडेही नवस फेडायला येणाऱ्यांची रांग दिसते. ज्यांचा नवस फळला नाही ते मुकाट्याने घरी बसतात.

पण एवढ्यावर भागत नाही. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथल्या शांत खाडीत मासे हमखास मिळत, तिथे कोळी मंत्रतंत्राच्या वाटेला जात नसत. खवळलेल्या दर्यात जाताना मात्र सगळे विधी यथासांग होत. होडी बांधण्यात, जाळं टाकण्यात ते कुठेही कमी नव्हते. कौशल्याची हद्द जिथे संपे तिथून पुढे विधी सुरू होत. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात. पण त्याआधी होडी डागडुजी करून, जाळी शिवून तयार ठेवलेली असतात. नारळ वाहिला म्हणून फुटकी होडी कुणी पाण्यात लोटत नाही.

आणि सगळी प्रार्थना मागण्यासाठी असते, असंही नाही. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्याला विचारलं की काय मागणार, तर बहुतेक वेळा तो हसून पुढे जातो. करोनाच्या पहिल्या लाटेत, मार्च २०२० मध्ये, ९५ देशांत गुगलवर प्रार्थनेविषयी झालेला शोध तोवरच्या सर्वांत वरच्या पातळीला पोचला, असं डेन्मार्कच्या अभ्यासक येनेट बेन्टझेन यांनी दाखवून दिलं. लस नव्हती, औषध नव्हतं, आणि माणसाला काहीतरी करायचं होतं. त्या वर्षी पालख्या पायी न जाता मोजक्या माणसांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. प्रार्थनाही झाली आणि गर्दीही टळली.

प्रार्थनेने गटार साफ होत नाही आणि लस टोचली जात नाही, हे पामरस्टनचं म्हणणं खरंच आहे. धोका तिथे आहे, जिथे प्रार्थना उपचाराची जागा घेते. सर्पदंश झालेल्याला इस्पितळाऐवजी देवळात नेलं जातं. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. ‘मनापासून प्रार्थना केली तर फळतेच’ असं आपण सहज म्हणून जातो. ज्याचं माणूस गेलं, त्याला त्यातून ऐकू येतं की, तुझी श्रद्धा कमी पडली. देव पाण्यात ठेवून रात्र काढलेल्या आईला हे ऐकवण्याचा अधिकार कुणालाही नाही. मोतद्दाराच्या आईलाही तो कुणी ऐकवायला नको होता.

सातवा एडवर्ड १९१० मध्ये वारला. त्याच्या नावाने परळला १९२६ मध्ये इस्पितळ सुरू झालं. किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजे आपलं के.ई.एम. जवळच हाफकिनच्या नावाची संस्था आहे. के.ई.एम.च्या आवारात रात्री नातेवाईक सतरंज्या टाकून बसलेले असतात. कुणाच्या हातात जपमाळ असते, कुणाच्या ताईत, कुणी नुसतंच डोळे मिटून बसलेलं असतं. आतून औषधाची चिठ्ठी आली की तीच माणसं धावत जाऊन औषध आणतात आणि परत येऊन डोळे मिटतात. प्रार्थनेने रोग हटत नाही म्हणून त्यांना हसू नये. आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या पदरी सकाळी दुःख आलं, तर त्याची प्रार्थना कमी पडली असंही कुणी म्हणू नये.